वाढत्या मुलांच्या कण्यावर दोराची शस्त्रक्रिया: घाई होतेय का?

घोडबंदरकर:
माझी भाची ऐरोलीत राहते, वय बारा. स्कोलिओसिसचा (कणा एका बाजूला वाकण्याचा) बाक ब्रेस, म्हणजे पाठीभोवतीचं प्लास्टिकचं कवच, लावूनही ४८ अंशांवर गेलाय. घरचे आता 'टेदरिंग'साठी आग्रही आहेत: बाकाच्या फुगीर बाजूच्या मणक्यांत स्क्रू बसवून त्यांतून दोर ताणायचा, म्हणजे त्या बाजूची वाढ मंदावते, दुसरी बाजू वाढत राहते आणि कणा हळूहळू सरळ होतो. नेहमीच्या शस्त्रक्रियेत रॉड घालून मणके कायमचे एकमेकांना जोडतात, तसे इथे जोडत नाहीत, म्हणून पाठ लवचिक राहते. ऐकायला छान आहे, पण माझा विरोध आहे. अमेरिकेत ऑगस्ट २०१९ मध्ये याला जी मंजुरी मिळाली ती मानवतावादी सवलतीच्या प्रकारातली. त्यात उपकरण परिणामकारक असल्याचा पूर्ण पुरावा द्यावा लागत नाही, संभाव्य फायदा दाखवला की पुरतं. २०२० मध्ये एक तुलना प्रसिद्ध झाली. दोर घातलेल्या २३ मुलांपैकी ७ जणांवर मिळून ९ पुन्हा शस्त्रक्रिया झाल्या, १२ जणांचा दोर तुटल्याचा संशय होता. मणके जोडलेल्या २६ जणांत पुन्हा शस्त्रक्रिया एकही नाही. बारा वर्षांच्या पोरीला हे का सोसायला लावायचं?

नेरुळची आई:
दादा, आकडे खरे आहेत, पण त्यांचा अर्थ तुम्ही एकाच बाजूने लावताय. दोर तुटला म्हणजे दरवेळी पुन्हा टेबलावर जावं लागतं असं नाही. वाढ संपत आल्यावर तुटला तर बाक पुष्कळदा टिकून राहतो. आणि दोर फसला तरी मणके जोडण्याचा मार्ग उरतो. जोडलेले मणके मात्र कुणी सुटे करून देत नाही! माझी लेक भरतनाट्यम शिकते. कंबरेपर्यंत रॉड गेले तर खालच्या मणक्यांमधल्या मोजक्या चकत्यांवर जन्मभर जास्तीचा भार येईल, त्याचा हिशेब कोण करणार?

कळव्याचा फिजिओ:
नेरुळच्या ताई, बाक कुठे आहे त्यावर बरंच अवलंबून आहे. छातीच्या भागातले मणके मुळातच कमी वाकतात. तेवढेच जोडलेली मुलं कंबरेतून आणि खुब्यांतून छान वाकतात, मी रोज बघतो. कंबरेचा बाक असेल तर तुमचं म्हणणं मला पटतं.

छातीच्या बाकासाठी दोर घालताना बरगड्यांमधून जातात आणि त्या बाजूचं फुफ्फुस तेवढा वेळ मिटवून ठेवतात. नंतर छातीत पाणी साठणं, फुफ्फुस नीट न फुलणं हे होऊ शकतं. शिवाय खूप वाढ बाकी असेल तर कणा सरळ होऊन उलट्या बाजूला झुकतो. आणि दोर एक्स-रेत दिसतच नाही! दोन स्क्रूंमधला कोन पाच अंशांहून जास्त उघडला की तुटला असावा असं धरतात.

खारघर सेक्टर १२:
ब्रेस दिवसातून किती तास लावत होती? २०१३ च्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात ब्रेसवाल्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक शस्त्रक्रियेच्या टप्प्यापर्यंत गेला नाही, नुसतं लक्ष ठेवलेल्यांत ४८ टक्के. जास्त तास लावणाऱ्यांना जास्त फायदा झाला.

घोडबंदरकर:
शाळेत काढून ठेवायची. मे महिन्यात आपल्याकडच्या दमट उकाड्यात ते प्लास्टिकचं कवच अंगावर ठेवणं म्हणजे घामोळ्यांनी पाठ लाल. मी तिला दोष देणार नाही. पण आता ४८ अंशांवर ब्रेसचा फारसा भरवसा नाही.

किती वाढ उरलीय हे कळायला हाताचा एक्स-रे लागतो, तो अजून काढलेला नाही. त्याआधीच शस्त्रक्रियेची तारीख ठरवायला निघालेत, माझा राग त्यावर आहे. आणखी एका सर्जनचं मत घ्या, त्यांच्या स्वतःच्या पेशंटपैकी किती जणांना पुन्हा आत घ्यावं लागलं हे विचारा, मग ठरवा.

नेरुळची आई:
एक्स-रे या आठवड्यातच काढा, याला माझा पाठिंबा. पण मतं गोळा करण्यात सहा महिने घालवू नका. दोर वाढीच्या जोरावरच काम करतो. या वयात मुली झपाट्याने वाढतात, तिची वाढ थांबली तर हा पर्याय हातचा जाईल, आणि मग निवड तुमच्या मनासारखी होईल, तिच्या नाही. तिला कुणी विचारलंय का?

घोडबंदरकर:
नाही. रविवारी ऐरोलीला जातोय, तिच्याशी बोलतो. मत अजून तेच आहे.