लॉगबुक भरलं म्हणजे सोनोग्राफी आली का?

रात्रपाळी: आमच्या आयसीयूत निवासी डॉक्टरने सोनोग्राफीचे ठरलेल्या संख्येइतके स्कॅन पूर्ण केले की लॉगबुकवर सही होते. ही पद्धत बंद करा, असं माझं स्पष्ट मत आहे. परवा व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटचं ऑक्सिजन घसरलं. पन्नासच्या वर स्कॅन केलेल्या मुलाने प्रोब ठेवला. डावीकडे लंग स्लायडिंग (श्वासासोबत फुफ्फुसाचं सरकणं) नाही म्हणून न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा) ठरवून त्याने छातीत नळी घालायची तयारीही केली. चित्र अगदी स्वच्छ होतं. पण त्याच चित्रात प्ल्युरा (फुफ्फुसावरचा पडदा) हृदयाच्या ठोक्यासोबत हलत होता, म्हणजे लंग पल्स होता. तिथे हवा साठली असती तर तो दिसलाच नसता. श्वासनलिकेतली ट्यूब उजव्या ब्रॉंकसमध्ये (उजव्या फुफ्फुसाकडे जाणाऱ्या फाट्यात) सरकली होती, म्हणून डावीकडे हवा जात नव्हती. दोन सेंटिमीटर मागे घेतली आणि स्लायडिंग परत आलं. हात तयार होता, विचार नव्हता. हे कुठल्या लॉगबुकात दिसणार?

जुना_भिडू: एका चुकीवरून आकडेच काढून टाकायचे? अमेरिकन कॉलेज ऑफ इमर्जन्सी फिजिशियन्सही प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी 25 ते 50 स्कॅन सुचवतं. तेवढ्याशिवाय हात बसत नाही, हे आपण सगळे जाणतो. आणि परीक्षा घेणार कोण? एक कन्सल्टंट कडक, दुसरा पाठीवर थाप मारून सोडणारा. आकडा निदान सगळ्यांना सारखा असतो.

रात्रपाळी: त्यासाठीच सोनोग्राफीचं कौशल्य तपासणारे ओसाउससारखे तक्ते आहेत ना. त्यात सात निकष आहेत: तपासणी का केली इथपासून मशीन हाताळणं, चित्र सुधारणं, क्रम, अर्थ, नोंद आणि शेवटी निर्णय. त्या मुलाचे पहिले चार उत्तम होते, घोळ पुढे झाला. क्लिप साठवून नाव झाकून दोघांना तपासायला दिल्या तर थाप मारायला जागाच उरत नाही.

जुना_भिडू: क्लिपमध्ये पेशंट कुठे दिसतो? प्रोब किती दाबला, बीपी पडत असताना हा किती वेळ खिडकी (चित्र नीट दिसेल अशी जागा) शोधत बसला, ते बेडजवळ उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

दुसरं_वर्ष: मी निवासी आहे, म्हणून लिहिते. माझ्या फुफ्फुसांच्या स्कॅनपैकी बहुतेक नॉर्मल आहेत, कारण ते पटकन होतात. टॅम्पोनाड (हृदयाभोवती द्रव साठून हृदय दाबलं जाणं) आतापर्यंत दोनदाच पाहिला. द्रव डिसेंडिंग एओर्टाच्या (छातीतून खाली जाणाऱ्या मोठ्या धमनीच्या) पुढे असेल तर पेरिकार्डियममधला, म्हणजे हृदयाभोवतीचा, मागे असेल तर प्ल्युरल, म्हणजे फुफ्फुसाभोवतीचा, हे तोंडपाठ आहे. पण छातीवर ड्रेसिंग, पीप (श्वास सोडल्यावरही व्हेंटिलेटरने फुफ्फुसात राखलेला दाब) जास्त, आणि एओर्टा दिसतच नाही! फॉर्मवर ‘आहे’ आणि ‘नाही’ एवढेच दोन रकाने. मी ‘नाही’वर खूण केली. आजही ते मनातून जात नाही.

रात्रपाळी: ताई, हे लिहिलंत हे फार बरं झालं. आकडे बंद करा हे माझं म्हणणं मागे घेतो. पण नॉर्मल आणि अ‍ॅबनॉर्मल वेगळे मोजा, आणि ‘दिसलं नाही’ हा रकाना उद्यापासून हवा. तो प्रामाणिकपणे भरणाऱ्याचे गुण कापू नका.

जुना_भिडू: रकाना मान्य. क्लिपवरून सही मात्र मान्य नाही. दर पाळीत एक स्कॅन कन्सल्टंटने शेजारी उभं राहून बघायचा, दहा मिनिटं लागतात. माझ्या पाळीत मी सोमवारपासून सुरू करतो.