मदत हवी आहे: स्क्रीनवरचा पेशंट वाट बघत बसतो!

नमस्कार मंडळी. मी इंदूरला सर्जरी शिकवते. शेवटच्या वर्षाच्या मुलांसाठी कॉम्प्युटरवर ट्रॉमाच्या केसेस बनवतेय. पहिली केस: एबी रोडवर स्कूटर घसरली, हेल्मेट नाही (इथे हे वेगळं सांगायला नकोच), श्वास लागलाय, उजव्या छातीत हवा जात नाही, मानेच्या शिरा फुगलेल्या, बीपी ८०.

टेन्शन न्यूमोथोरॅक्स, म्हणजे छातीत हवा अडकून फुफ्फुस आणि हृदय दाबलं जाणं. इथे एक्स-रेसाठी थांबायचं नसतं, आधी सुई घालून हवा काढायची. पण परवा एका पोराने निवांत एक्स-रे मागवला, वर सीटीही, आणि पेशंट जसाच्या तसा! आमच्या सॉफ्टवेअरमध्ये वेळ पुढे सरकतच नाही. मग एबीसीडीई (आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग रक्ताभिसरण असा तपासायचा क्रम) घोकून काय उपयोग?

मला हवंय ते असं: उशीर झाला की सॅच्युरेशन (रक्तातलं ऑक्सिजनचं प्रमाण) घसरावं, नाडी वाढावी, सुई घातली की दोन्ही सुधारावं. फुकट किंवा स्वस्त असं काही कुणी वापरलंय का? लॅबमधले कॉम्प्युटर जुने आहेत, नेट अधूनमधून जातं, त्यामुळे ऑफलाइन चालणारं हवं. हिंदीत मजकूर घालता आला तर फारच उत्तम, नातेवाइकांशी बोलायचा सरावही होईल. कोडिंग येणारं कुणी इंदुरात असेल तर प्लीज मेसेज करा, पोहे-जिलबी माझ्याकडून.