विषय: शाळेतली टाईम आऊटची खोली, नियम नक्की काय आहेत?

प्रेषक: एक सभासद (नाव न देता, मॉडरेटरमार्फत)

नमस्कार मंडळी,

आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडच्या सबर्बमधे राहतो. मुलगा तिसरीत आहे, ऑटिझम आहे, आयईपी (स्पेशल एज्युकेशनच्या मुलासाठी शाळेने लिहून दिलेला शिकवण्याचा प्लॅन) आहे, इंग्लिशमधे दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलतो आणि घाबरला की फक्त मराठी. गेल्या आठवड्यात दप्तरात तळाशी एक घडी घातलेला कागद सापडला. त्यावर नुसत्या वेळा, १०:०५ खोलीत नेलं, १०:११ दार ढकलतोय, १०:१९ तेच तेच आवाज काढतोय, १०:२६ रडतोय, १०:४१ शांत, वर्गात परत. कारण काय तर गणिताची वर्कशीट फाडली आणि पेन्सिलींचा डबा भिरकावला. कोणाला लागलं वगैरे काही लिहिलेलं नाही. शाळेचा फोन नाही, ईमेल नाही, काही नाही. टीचर तशी चांगली आहे हो, पण विचारलं तर म्हणाली की हे त्याच्याच सेफ्टीसाठी आणि सगळं पॉलिसीप्रमाणे. नवरा म्हणतो आपण एच-१ व्हिसावर आहोत, शाळेशी वाकडं कशाला घ्यायचं. मुलाला असं वेगळ्या खोलीत ठेवायला परवानगी असते का, एवढंच कोणी सांगेल का प्लीज. नाव दिलं नाही त्याबद्दल रागावू नका, मंडळात सगळे सगळ्यांना ओळखतात.

प्रेषक: संजीवनी

अगं, तू कोण आहेस माहिती नाही पण माझ्या मुलीच्या वयाचीच असशील, म्हणून सरळ अगं-तुगं करते. माझा मुलगा आता एकवीसचा आहे, इलिनॉयच्याच शाळांमधून शिकला, त्यामुळे हे सगळं जवळून बघितलंय.

आधी एक सांगते, व्हिसाचा आणि आयईपीचा काडीचा संबंध नाही. पोराचा शिकायचा हक्क तुमच्या स्टेटसवर अवलंबून नसतो, नवऱ्याला निवांत झोपायला सांग.

आता नियम. देशभर लागू होणारा एकच कायदा याबाबतीत अजूनही नाही. २००९ मधे सरकारच्याच ऑडिट खात्याने, गाओ म्हणतात त्याने, शाळांनी मुलांना कोंडल्याच्या आणि धरून ठेवल्याच्या वीस वर्षांतल्या शेकडो तक्रारी संसदेसमोर मांडल्या, त्यात मुलांचे मृत्यूसुद्धा होते. २०१० च्या मार्चमधे हाऊसने हे रोखणारं बिल पास केलं २६२ विरुद्ध १५३ मतांनी, आणि सिनेटमधे ते जे बसलं ते बसलंच. नंतर ते परत परत येतं आणि परत परत लटकतं. त्यामुळे जे काय आहे ते राज्याराज्याचं, एका राज्यात चालतं ते शेजारच्या राज्यात गुन्ह्यासारखं.

आपल्याकडे खरी उलथापालथ झाली ती २०१९ च्या नोव्हेंबरमधे. शिकागो ट्रिब्यून हा पेपर आणि प्रोपब्लिका ही बातम्यांची संस्था यांनी मिळून शाळांच्या नोंदी मागवल्या, वीस हजारांहून जास्त घटना निघाल्या, त्या पण जेमतेम सव्वा वर्षातल्या. मुलांना कोंडण्याची कारणं काय, तर अभ्यास करायला नकार दिला, शिवी दिली, दूध सांडलं, लेगो फेकले. जिथे कारण नीट लिहिलेलं होतं त्यातल्याही एक तृतीयांशाहून जास्त नोंदींमधे सेफ्टीचं कुठलंच कारण नव्हतं. आणि हे बाहेर कसं आलं माहितीये का, शाळांचे लोक खोलीबाहेर बसून आत मूल काय बोलतंय ते मिनिटामिनिटाला लिहीत होते! म्हणजे तुझ्या हातात आहे तसलेच कागद. ते छापून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी राज्याच्या शिक्षण मंडळाने तातडीचे नियम काढले, आणि २०२१ च्या ऑगस्टमधे गव्हर्नर प्रित्झकर यांनी कायद्यावर सही केली.

त्या कायद्याप्रमाणे दाराला कुलूप लावणं बंद. पालथं पाडून धरणं बंद. टाईम आऊट काय किंवा धरून ठेवणं काय, मुलाला स्वतःला किंवा दुसऱ्याला गंभीर इजा होण्याचा त्याच क्षणी धोका असेल तरच, आणि त्याआधी बाकीचे साधे उपाय करून बघितलेले पाहिजेत. शिक्षा म्हणून नाही, स्टाफच्या सोयीसाठी नाही, आणि नीट वाच, नुसतं सामान फेकलं किंवा फाडलं म्हणूनही नाही. मोठं माणूस आत त्याच्याबरोबर बसलं पाहिजे, एकट्याला ठेवायचं तर आतल्या माणसालाच गंभीर इजा होण्याचा धोका असेल तेव्हाच, आणि तेव्हाही दाराशी उभं राहून सतत नजर पाहिजे. पाणी, खाणं, औषध, बाथरूम अडवायची नाही.

आता तुझा कागद परत बघ. वर्कशीट आणि पेन्सिलींचा डबा, हे गंभीर इजेत कुठे बसतं? शिवाय १०:०५ ते १०:४१ म्हणजे छत्तीस मिनिटं. तीस मिनिटांच्या वर गेलं की या विषयातलं ट्रेनिंग असलेल्या लायसन्सवाल्या माणसाने येऊन बघायचं असतं की हे पुढे चालू ठेवायचं का, त्याला बाथरूमला जायचंय का, भूक लागलीये का. त्या कागदावर अशा कोणाचं नाव आहे का बघ. आणि त्याच दिवशी घरी कळवायचा प्रयत्न करायचा असतो, लेखी रिपोर्ट एका कामाच्या दिवसात. दप्तराच्या तळाशी कोंबून ठेवणं म्हणजे कळवणं नव्हे.

फोन करू नकोस. या वर्षीच्या सगळ्या नोंदी लिहून माग.

प्रेषक: अभय, एडिसन

आमच्याकडे न्यू जर्सीत २०१८ च्या जानेवारीत कायदा आला. लगेच फोन किंवा ईमेल, आणि ४८ तासांत पूर्ण लेखी रिपोर्ट, डॉक्टरने लेखी परवानगी दिली असल्याशिवाय पालथं धरायचं नाही.

पण नुसता नियम असून काय होतं ते व्हर्जिनियात बघा, माझी बहीण फेअरफॅक्समधे असते म्हणून मला हे माहिती. तिथली एवढी मोठी, श्रीमंत, नावाजलेली शाळांची डिस्ट्रिक्ट, फेडरल सरकारला वर्षानुवर्षं कळवत होती की आमच्याकडे अशा घटना शून्य. २०१९ ला तिथल्या डब्ल्यूएएमयू रेडिओने खणून काढलं तर शेकडो निघाल्या. मग पालकांनी केस केली आणि २०२१ मधे तडजोड होऊन मुलांना कोंडणंच बंद करायचं ठरलं. २०१९ मधेच गाओने सांगितलं की देशातल्या सुमारे ७० टक्के डिस्ट्रिक्ट शून्यच लिहितात. आणि तरीही २०१७-१८ च्या फेडरल आकड्यांत कोंडलेली किंवा धरून ठेवलेली एक लाखाच्या वर मुलं आहेत, त्यातल्या धरून ठेवलेल्यांपैकी ८० टक्के स्पेशल एज्युकेशनची, जी एकूण मुलांत फक्त १३ टक्के आहेत. म्हणजे ही जी काय शिस्त आहे ती नेमकी कोणाला लागते ते दिसतंय.

प्रेषक: सुहास

सर्वांविषयी आदर ठेवून लिहितो, ही लिस्ट कोजागिरीच्या तिकिटांसाठी आणि मराठी शाळेसाठी आहे. आणि अहो आमच्या वेळी मास्तर अंगठे धरून उभं करायचे, कोळशासारखे तापलेले असायचे ते मास्तर, आम्ही काय बिघडलो का? इथे जरा काही झालं की लगेच वकील.

प्रेषक: संजीवनी

सुहासराव, तिकिटं मी कालच काढलीत. आणि तुमच्या त्या मास्तरांना आता तिकडेही परवानगी नाही, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलम १७ आहे, मारणं आणि मानसिक छळ दोन्ही बंद. शाळेत कोणी ऐकतं की नाही हा भाग वेगळा, पण कायदा आहे. पुढे बोला.

प्रेषक: मेधा

मी याच भागात पॅरा, म्हणजे स्पेशल एज्युकेशनच्या वर्गात टीचरची मदतनीस म्हणून काम करते, शाळेचं नाव सांगत नाही. दुसरी बाजू कोणीतरी लिहायला पाहिजे म्हणून लिहितेय, राग मानू नका.

माझ्या दंडावर दातांचे व्रण आहेत. सहा फुटाचा चौदा वर्षांचा मुलगा स्वतःचं डोकं फरशीवर आपटायला लागतो ना, तेव्हा धरावंच लागतं, त्या क्षणी कायदा आठवत नाही, त्याचं डोकं दिसतं. २०१९ ला एका रात्रीत सगळं बंद केलं तेव्हा काही स्पेशल शाळांनी सांगितलं की आता आम्ही ही मुलं ठेवूच शकत नाही, मग डिसेंबरात राज्याला पालथं धरण्याची काही काळ परत परवानगी द्यावी लागली. ती २०२१-२२ नंतर पूर्ण संपली. मला विचाराल तर संपली ते योग्यच झालं, कारण तसं धरल्यावर छातीवर दाब येतो आणि मूल ओरडतंय की गुदमरतंय ते वरच्या माणसाला कळत नाही. कॅलिफोर्नियात २०१८ ला एल डोराडो हिल्सच्या एका शाळेत ऑटिझम असलेला तेरा वर्षांचा मुलगा असाच गेला.

पण ट्रेनिंग वर्षाला आठ तास, पगार कॉस्टकोच्या दुकानातल्यापेक्षा कमी, एका वर्गात दहा मुलं आणि दोघी माणसं, त्यातली एक सुट्टीवर. मग ती खोली वापरली जाते कारण ती आहे. वाईट माणसं म्हणून नाही. ताई, तुमच्या मुलाच्या बाबतीत मात्र संजीवनीताई म्हणतात ते बरोबर आहे, डबा फेकला म्हणून नाही न्यायचं, आम्हाला ट्रेनिंगमधे पहिल्या तासालाच हे सांगतात.

एक आतली गोष्ट. "तेच तेच आवाज" असं जे लिहिलंय ना, ते आम्ही मूल काय बोलतंय ते कळलं नाही की लिहितो. तो मराठी बोलत असणार. त्याच्या बिहेवियर प्लॅनमधे दहा-बारा शब्द रोमन अक्षरांत घालून द्या, पाणी, शू, आई, दुखतंय, नको, बास. लॅमिनेट करून वर्गात लावायला सांगा. आमच्याकडे एका स्पॅनिश मुलाचं केलंय, खूप फरक पडला.

प्रेषक: एक सभासद (मॉडरेटरमार्फत)

सगळ्यांचे खूप आभार, सुहासकाकांचे पण (खरंच). कागदावर लायसन्सवाल्या कोणाचं नाव नाही, फक्त दोन इनिशियल्स आहेत आणि ती पॅराची आहेत.

शू वाचून मी तो कागद घेऊन परत बसले. त्या दिवशी तो घरी आला तेव्हा अंगावर शाळेत ठेवलेली एक्स्ट्रा पँट होती आणि मला वाटलं पाणी सांडलं असेल.

संजीवनीताई, तुम्ही सांगितलंत तसं ईमेल टाकलं, एकच वाक्य, की या वर्षीच्या सगळ्या टाईम आऊटच्या नोंदी आणि राज्याला पाठवलेले फॉर्म द्या. आज उत्तर आलं. अजून दोन कागद आहेत. दोन्ही गेल्या तीन आठवड्यांतले, वेगवेगळ्या दिवशीचे. मला एकही आलेला नव्हता.

प्रेषक: संजीवनी

तीन झाले म्हणजे. महिन्याभरात तीन वेगवेगळ्या दिवशी असं झालं की शाळेला रिव्ह्यू घ्यावाच लागतो आणि त्याच्यासाठी वेगळा प्लॅन करावा लागतो, त्या मीटिंगला तुम्हाला बोलवावं लागतं आणि दहा दिवस आधी नोटीस द्यावी लागते. "ही तिसरी घटना आहे, रिव्ह्यूची तारीख कळवा" एवढंच लिही. पँटचं पण लिही, तारखेसकट. मीटिंगला मराठी इंटरप्रीटर हवा असेल तर तोही मागता येतो, सासूबाई येणार असतील तर मागच.

तारीख दिली नाही तर राज्याकडे लेखी तक्रार, घटनेपासून एका वर्षाच्या आत. शिकागोत इक्विप फॉर इक्वालिटी म्हणून संस्था आहे, अपंगांच्या हक्कांवर कायद्याची मदत करतात, त्यांच्याशी आत्ताच बोलून ठेव, मीटिंगची वाट बघू नकोस.

आणि मेधा, ती शब्दांची यादी लिस्टवरच टाक, मराठी शाळेत अजून चार-पाच घरं आहेत ज्यांना ती लागेल पण ती कधी विचारणार नाहीत.

प्रेषक: मेधा

आज रात्री टाकते. गुजराथी आणि तेलुगू कोणी भरून देणार असेल तर कळवा, आमच्या शाळेत लागतंय.