व्रॉनगॉख स्टेशन (वेल्स) कशामुळे बंद पडलं?

रंकाळा_पॅसेंजर
1916 च्या ईस्टर उठावानंतर (ब्रिटिश सत्तेविरुद्ध डब्लिनमध्ये झालेला) आयरिश कैद्यांना वेल्समध्ये फ्रॉनगॉकच्या (Frongoch) छावणीत ठेवलं होतं. तिथल्या स्टेशनवर कोल्हापुरातल्या प्रदर्शनासाठी फलक करतोय. बंद झाल्याची तारीख कुठे 2 जानेवारी 1960 दिसते, कुठे 4. कारण ‘बीचिंग’ (ब्रिटनमधल्या तोट्यातल्या रेल्वे लाईनी बंद करायला सांगणारा अहवाल) लिहिलं तर चालेल?

रूळवाट
बीचिंग अजिबात नको. तो अहवाल मार्च 1963 चा, तोवर ही लाईन बंद होऊन दोन वर्षं उलटली होती. खरं कारण पाणी. लिव्हरपूलच्या पाण्यासाठी 1957 मध्ये कायदा झाला, त्रवेरिन नदीवर धरण बांधलं आणि कापेल केलिन हे अख्खं गाव त्यात गेलं. बाला ते ब्लायनाय फेस्टिन्योग लाईन त्याच खोऱ्यातून जायची, तिचा तुकडा जलाशयाखाली आला.

पण स्टेशन बुडालं असंही लिहू नका, ही चूक फार होते. ते धरणाच्या खालच्या अंगाला आहे. इमारत शाबूत आहे, आता खाजगी घर.

तारखा दोन्ही बरोबर. शेवटची पॅसेंजर शनिवारी 2 तारखेला धावली, रविवारी गाडी नसायची, म्हणून कागदावर बंद सोमवार 4 पासून. मालगाड्या जानेवारी 1961 पर्यंत चालल्या.

नकाशावेडा
उच्चार ‘व्रॉनगॉख’ करा, शेवटचा ख घशातून. वेल्शमध्ये एक एफ म्हणजे व, दोन एफ म्हणजे फ. मात्र मूळ कंपनीच्या नावात फेस्टिन्योगला एकच एफ आहे. जुनी टाइमटेबलं दोन एफ घालून शोधलीत तर हाती काही लागत नाही. लाईन 1882 ची, आपल्या मिरज-कोल्हापूरपेक्षा नऊ वर्षांनी थोरली.

जागेसाठी स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे नकाशे उघडा. सहा इंची (एका मैलाला सहा इंच) मालिकेतली 1900 च्या आसपासची आवृत्ती डावीकडे, उपग्रह चित्र उजवीकडे. बालापासून ए-4212 रस्ता धरून वायव्येला साधारण 4 किलोमीटर सरका. त्याआधीची आवृत्ती घेऊ नका, तिच्यात लाईन सापडेलच असं नाही.

रूळवाट
छावणीबद्दल एक ओळ हवीच. स्टेशनाजवळ व्हिस्कीची बंद पडलेली भट्टी होती. तिथे आधी जर्मन युद्धकैदी ठेवले, मग जून 1916 पासून सुमारे 1800 आयरिश. पुढे आयरिश स्वातंत्र्यलढ्याचे नेते झालेले मायकेल कॉलिन्स त्यांतलेच. डिसेंबरापर्यंत सगळे सुटले.

फोटो जिओग्राफ या फोटोंच्या संकेतस्थळावरून घेतलात तर छायाचित्रकाराचं नाव आणि परवान्याचा उल्लेख फोटोखालीच छापा, मागच्या बाजूला नको.