कोडइग्नायटर अजून वापरण्यात अर्थ आहे का? (पॅकहाऊसचं सॉफ्टवेअर, शेअर्ड होस्टिंग)

गंगापूररोडवाला:
नमस्कार मंडळी, नाशिकमध्ये फ्रीलान्स करतो. दिंडोरीकडच्या एका द्राक्ष पॅकहाऊसचं सॉफ्टवेअर माझ्याकडे आहे, मूळ कोणीतरी कोडइग्नायटर ३ (सीआय ३, पीएचपीमधलं वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क) मध्ये केलेलं, मी नुसतं सांभाळतो. बागेतून किती क्रेट आले, ग्रेडिंगमध्ये किती टिकले, रिजेक्ट किती, शेवटी शेतकऱ्याची पट्टी, बास एवढंच. पण जानेवारी ते एप्रिल बंद पडलेलं चालत नाही.

मध्यंतरी होस्टिंगवाल्याने पीएचपी ८.२ वर नेलं आणि पट्टीची पीडीएफच उघडेना. फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर पीडीएफ सुरू व्हायच्या आधी 'क्रिएशन ऑफ डायनॅमिक प्रॉपर्टी... इज डेप्रिकेटेड' अशा ओळीच्या ओळी. डिस्प्ले एरर्स बंद केलं, सध्या चालतंय.

आता मालकांना कोल्ड स्टोरेजचं भाडं आणि कंटेनर लोडिंगचं नवीन मोड्यूल पाहिजे. मित्र म्हणतो कोडइग्नायटर कोण वापरतं आता, सरळ लाराव्हेलमध्ये (पीएचपीचंच दुसरं फ्रेमवर्क) कर. मला कोडइग्नायटर ४ बरं वाटतंय कारण व्हीपीएसचं (स्वतंत्र, जास्त खर्चाच्या सर्व्हरचं) नाव काढलं की मालक विषय बदलतात. काय करू?

जुना_पीएचपी:
आधी तुझ्या त्या ओळींचं सांगतो. सीआय ३ मध्ये तू मॉडेल (डेटाबेसशी बोलणारा भाग) लोड करतोस तेव्हा फ्रेमवर्क ते मॉडेल कंट्रोलरच्या (आलेली रिक्वेस्ट हाताळणाऱ्या भागाच्या) ऑब्जेक्टवर तिथल्या तिथे नवीन प्रॉपर्टी बनवून लटकवतं, क्लासमध्ये ती आधी कुठे लिहिलेलीच नसते. पीएचपी ८.२ पासून असं करणं डेप्रिकेटेड (चालतं, पण पुढे बंद होणार) आहे आणि ९ मध्ये थेट एररच येणार असं ठरलंय. म्हणजे तू वॉर्निंग झाकलीस, कारण तसंच आहे. क्लासच्या डोक्यावर 'अलाव डायनॅमिक प्रॉपर्टीज' हा ॲट्रिब्यूट टाकला की सध्याचं भागेल. आणि जुन्या पीएचपीवर परत जाऊ नकोस, ८.१ चे सिक्युरिटी पॅच २०२५ संपताना बंद झाले.

राहिला प्रश्न 'कोण वापरतं' याचा. हे फ्रेमवर्क २००६ पासून मेलेलं जाहीर होतंय राव. २०१३ ला ते बनवणाऱ्या एलिसलॅब कंपनीने आम्हाला हे सांभाळणं जमत नाही म्हणून सांगितलं तेव्हा तर लोकांनी तेराव्याचं जेवणही उरकलं होतं, पण २०१४ ला कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने घेतलं आणि फेब्रुवारी २०२० मध्ये ४ आलं. नेमस्पेस, कंपोजर (लायब्ररी आणणारं टूल), मायग्रेशन, सगळं आजच्या पद्धतीचं आहे. आवक जावक आणि पट्टी यासाठी अजून काय लागतं?

शून्य_बग:
२०११ साली कोडइग्नायटरमध्ये लॉगिनची सोय नव्हती म्हणून टेलर ओटवेलने लाराव्हेल बनवलं. बाकी तुमचं चालू द्या 😄

जुना_पीएचपी:
@शून्य_बग आता त्यांचं स्वतःचं शील्ड आहे लॉगिनसाठी. जुनी भांडणं नको.

कॉलेजरोड_डेव्ह:
मी वेगळ्या बाजूने सांगते. आमची छोटी टीम आहे, मुलं घेताना बघते, नाशिकमध्ये पीएचपीवाला मुलगा आला की लाराव्हेल येतं म्हणूनच येतो. तेव्हा दादा, तुम्ही उद्या पुण्याला नोकरी धरली तर पॅकहाऊसवाल्यांनी कोणाला बोलवायचं? 'मला येतं' एवढ्यावर फ्रेमवर्क निवडलं की तुमच्यानंतर येणारा माणूस तुमच्या नावाने बोटं मोडत बसतो. आमच्याकडे असं एक काम आलं होतं, निम्मा वेळ जुन्या माणसाने काय केलंय तेच समजून घेण्यात गेला. शिवाय कंटेनर लोडिंग म्हटल्यावर उद्या मालक म्हणणारच की एक्सपोर्टरला आपोआप मेल गेला पाहिजे, ड्रायव्हरला मेसेज गेला पाहिजे. लाराव्हेलमध्ये क्यू (कामं रांगेत लावून मागे करायची सोय), शेड्युलर सगळं बसलेलं येतं.

जुना_पीएचपी:
ताई मुद्दा बरोबर आहे, पण क्यूचा वर्कर सतत चालू ठेवायला लागतो आणि शेअर्ड होस्टिंगवाले तशी प्रोसेस ठेवू देत नाहीत, थोड्या वेळात मारून टाकतात. मग क्रॉनवरच (सर्व्हरने ठरल्या वेळी काम चालवायचं) ढकलगाडी. क्रॉनच लावायचा तर सीआय ४ मध्ये स्पार्कची (त्याच्या कमांड लाइन टूलची) एक कमांड लिहिली की तेच काम होतं.

दुसरं, लाराव्हेलचं दरवर्षी मोठं व्हर्जन येतं, प्रत्येकाला सिक्युरिटी पॅच २ वर्षं. जो मालक व्हीपीएसला पैसे देत नाही तो दर दोन वर्षांनी 'दिसायला काहीच बदललं नाही' अशा अपग्रेडला पैसे देईल? माणसं मिळण्याचं मात्र मान्य, तिथे माझ्याकडे उत्तर नाही. सीआय ४ चे तयार लोक इकडे कमीच.

गंगापूररोडवाला:
पुण्याला वगैरे जायचा विचार नाही ताई, पण मुद्दा डोक्यात राहिला. सीआय ३ चं जुनं सगळं ४ मध्ये आणायला किती त्रास?

जुना_पीएचपी:
अपग्रेड समजू नकोस, ४ नव्याने लिहिलंय, ३ चा कोड तसाच चालत नाही. व्ह्यू (पान दाखवणाऱ्या फाइली) बऱ्यापैकी उचलून टाकता येतात, कंट्रोलर आणि मॉडेल हाताने करायचे. यूआरएलवरून कंट्रोलर आपोआप शोधणं ४.२ पासून मुळात बंद असतं, तेव्हा राउट (कोणती यूआरएल कोणत्या कंट्रोलरकडे जाते ते) लिहावे लागतील. म्हणून सगळं एकदम हलवू नको, त्यात सीझनच्या तोंडावर तर नकोच. नवीन मोड्यूल सीआय ४ मध्ये सबडोमेनवर टाक, डेटाबेस तोच. जुनं पुढच्या ऑफ सीझनला एकेक पान करत आण.

कॉलेजरोड_डेव्ह:
हे पटलं. फक्त दोन्हीकडे सेशन कुकीचं (लॉगिन लक्षात ठेवणारी) नाव मुळात सीआय_सेशन असंच असतं, तिथे गडबड होते. सबडोमेन न करता त्याच डोमेनच्या फोल्डरमध्ये टाकलंत किंवा कुकी पूर्ण डोमेनला लावली असेल तर एकीकडे लॉगिन केलं की दुसरीकडचं उडतं. नव्याचं नाव बदला. आणि जुन्याने पासवर्ड कसे ठेवलेत ते बघा, एमडी५ (जुनी, सहज फुटणारी पद्धत) असेल तर ते तसेच नव्यात नेऊ नका.

गंगापूररोडवाला:
एमडी५ च आहे 🙈 नवीन मोड्यूल सीआय ४ मध्ये करतो मग. सर्व्हरवर कंपोजर नाहीये, चालेल ना?

जुना_पीएचपी:
चालेल. व्हेंडर फोल्डर (कंपोजरने आणलेल्या लायब्ररींचं) लोकलला (तुझ्या कॉम्प्युटरवर) बनवून अपलोड कर, लोकलचं पीएचपी सर्व्हरच्याच व्हर्जनचं ठेव. सी पॅनेलमध्ये इंटल हे पीएचपीचं एक्स्टेन्शन चालू आहे का ते आधी बघ, नसेल तर सीआय ४ सुरूच होणार नाही. आणि सबडोमेनचा रूट पब्लिक फोल्डरला दे, नाहीतर डेटाबेसच्या पासवर्डसकट एन्व्ह (सेटिंग्जची) फाइल ब्राउझरमधून उघडता येईल.