मदत हवी आहे: मागच्या चाकाची सर्व्हिसिंग झाल्यापासून कॅसेट हलते

मंडळी, सायकल हायब्रिड आहे. मागे शिमानोची ९ स्पीडची कॅसेट (दातेरी चकत्यांचा, म्हणजे स्प्रॉकेटचा गठ्ठा), ११ ते ३२ दात. पावसाळ्यात हबमध्ये (चाकाच्या मधल्या भागात) पाणी शिरून चाक करकरायला लागलं होतं, म्हणून पाऊस उघडल्यावर दुकानात दिलं. त्यांनी हब उघडून छर्रे बदलले, नवीन ग्रीस भरलं, कॅसेट काढून धुतली आणि परत बसवली. चाक आता लोण्यासारखं फिरतं, त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार कॅसेटची आहे. यवतेश्वर घाट चढताना काही जाणवत नाही. उतरताना पेडल थांबवलं आणि रस्ता खराब असला की मागून पत्र्यासारखा किणकिण आवाज येतो. लहान स्प्रॉकेटवर चेन एका जागी ठरत नाही, मधेच गिअर बदलू पाहते. चाक काढून बघितलं तर ११ दातांची चकती बोटाने आत-बाहेर सरकते, मिलिमीटरभर तरी. दुकानदार म्हणतात, "मॅडम, लॉकरिंग फुल टाइट आहे, एवढा प्ले असतोच." लॉकरिंग (कॅसेट जागेवर धरणारी बाहेरची आट्यांची रिंग) खरंच घट्ट आहे, मी टूल लावून बघितलं. मग हलतंय काय? आणि अशी चालवली तर चालेल का?

---

घाटवेडा:
आधी नक्की काय हलतंय ते वेगळं करू. चाक सायकलला लावूनच रिम धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. रिम फ्रेमच्या मानाने हलली तर कोन (हबमधले छर्रे धरून ठेवणारे नट) ढिले आहेत, म्हणजे हब परत उघडावा लागेल. रिम स्थिर आहे पण सगळी कॅसेट एकगठ्ठा डुलते, तर तो फ्रीहबचा (हबच्या ज्या खाचांच्या भागावर कॅसेट बसते त्याचा) प्ले. तो किंचित असला तर खरंच दुर्लक्ष करा, बऱ्याच नव्या हबमध्येही असतो. आणि चकत्या फ्रीहबच्या खाचांवर आत-बाहेर सरकत असतील, एकमेकींवर वाजत असतील, तर कॅसेट दाबून बसलेलीच नाही. हे मात्र "असतंच" या सदरात मोडत नाही.

---

पंक्चरपुराण:
एवढं काय त्यात, लॉकरिंगवर लांब पाइप घालून अजून आवळा. बसेल बरोबर.

---

घाटवेडा:
@पंक्चरपुराण, नको हो! लॉकरिंगवरच ४० न्यूटन मीटर असं कोरलेलं असतं. ३० सेंटिमीटरच्या पान्ह्याच्या टोकाला साधारण १३-१४ किलोचा जोर झाला. त्यापुढे पाइप घातला तर आटे जातील आणि नवीन फ्रीहब घ्यावा लागेल.

---

धागाकर्ती:
रिम अजिबात हलत नाही. चकत्याच खाचांवर सरकतात. मोठ्या चकत्या रिव्हेट मारून एकत्र आहेत, तो गठ्ठाही थोडा सरकतो. लहान सुट्या चकत्या तर चाक हातात धरून हलवलं की वाजतात. अजून एक, चाक सायकलचं मूळचं नाही. एका मित्राने त्याच्या रोड बाइकवरून काढलेलं मागच्या वर्षी घेतलं. त्याच्याकडे ११ स्पीड होतं. सर्व्हिसिंगच्या आधी याच कॅसेटसह व्यवस्थित चालत होतं.

---

घाटवेडा:
अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं ना! सापडलं बहुतेक.

शिमानोच्या ११ स्पीड रोडची फ्रीहब बॉडी ८, ९, १० स्पीडवाल्या बॉडीपेक्षा जवळजवळ २ मिमी लांब असते. त्यावर ९ स्पीडची कॅसेट घालायची तर आधी १.८५ मिमीचा स्पेसर बॉडीच्या मुळाशी, स्पोकच्या बाजूला बसवावा लागतो. तुमच्याकडे तो आधी होताच, नाहीतर वर्षभर चाललं नसतं. कॅसेट धुताना तो वेगळा पडला आणि परत चढला नाही. पातळ रिंग असते, काळ्या ग्रीसमध्ये माखली की हबचाच भाग वाटते.

आता लॉकरिंग घट्ट आहे ते कॅसेटवर नाही, बॉडीच्या टोकावर टेकून घट्ट आहे. दुकानदार खोटं बोलत नाहीत, फक्त चुकीच्या गोष्टीवर आवळलंय.

खात्री करायची तर लॉकरिंग काढा (त्यासाठी चकत्या धरून ठेवणारा चेन व्हिप लागेल) आणि सगळ्या चकत्या आत दाबून बाजूने बघा. ११ दातांची चकती बॉडीच्या टोकापेक्षा थोडी बाहेर उभी राहिली पाहिजे. बॉडी तिच्या बरोबरीला किंवा पुढे दिसली की झालं निदान. सुट्या चकत्यांमधले स्पेसरही मोजून घ्या. मधला एखादा विसरला तरी लक्षण हेच, पण मग त्या दोन चकत्यांमधलं अंतर डोळ्यांना कमी दिसतं.

तोवर चालवू नका. सुट्या चकत्या दर पेडलला अ‍ॅल्युमिनियमच्या खाचांमध्ये रुततात. बॉडी स्टीलची असेल तर तेवढी भीती नाही.

---

धागाकर्ती:
बॉडी पुढे आली आहे! चकतीच्या बाहेर नखाला लागेल इतकी. दुकानात फोन केला. आधी म्हणाले, "आम्ही काढलं तेवढं सगळं लावलं." मग रिंगचं वर्णन केल्यावर गप्प झाले आणि म्हणाले, घेऊन या, डबा बघतो.

---

डबलचेन:
स्पेसर मिळाला की लगेच घाटात जाऊ नका. एक गोष्ट कुणी बोललं नाही अजून. स्पेसर नसल्यामुळे सगळी कॅसेट स्पोककडे सरकली होती. त्यांनी गिअर त्याच स्थितीत लावले असतील, तर डिरेलरचा (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाचा) एल स्क्रूही, म्हणजे तो स्पोककडे किती जाईल हे ठरवणारा स्क्रू, आतल्या बाजूला सैल केलेला असणार. आता कॅसेट परत बाहेर येईल, पण डिरेलर तिथपर्यंतच आत जाईल. चढावर ३२ वर टाकताना चेन मोठ्या चकतीवरून उडून स्पोकमध्ये गेली तर डिरेलर, हँगर (डिरेलर फ्रेमला धरणारा तुकडा) आणि स्पोक तिन्ही जातात. स्टँडवर, हाताने पेडल फिरवत, आधी एल स्क्रू मग इंडेक्सिंग (दर क्लिकला एकेक गिअर नीट पडेल अशी जुळणी).

---

धागाकर्ती:
अपडेट. रिंग त्यांच्या डब्यात नव्हती, दुसरी दिली, पैसे घेतले नाहीत. समोर उभं राहून बसवून घेतली. आवळताना लॉकरिंगची कटकट ऐकून मी दचकले, पण ते दाते एकमेकांवर चढतात तेव्हाचा आवाज म्हणे. आता चकत्या तसूभर हलत नाहीत. @डबलचेन, एल स्क्रू खरंच सैल होता, पाऊण फेरा आत घ्यावा लागला.

बॉडी अ‍ॅल्युमिनियमची निघाली. दोन खाचांच्या कडेला चकत्यांचे वळ उठलेत, साधारण अर्धा मिमी खोल. बदलावी लागेल का?

---

घाटवेडा:
एवढ्यात नाही. पुढच्या वेळी चकत्या काढताना अडकल्या तर वर आलेली कड बारीक कानशीने घासून टाका, खाच मात्र घासू नका.