नववी लेन आणि १०.६५

बुडापेस्टच्या २०२३च्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेतली महिलांची १०० मीटर फायनल अमेरिकेच्या शकॅरी रिचर्डसनने नवव्या, म्हणजे अगदी कडेच्या लेनमधून जिंकली, हा नशिबाचा भाग होता असं एकांनी म्हटलंय. मला ते अजिबात पटत नाही.

ती कडेला गेली कशी, ते आधी बघा. तीन सेमीफायनल, प्रत्येकीतल्या पहिल्या दोघी थेट पात्र, आणि उरलेल्यांतल्या सर्वात वेगवान दोघी. शकॅरीच्या सेमीत जमैकाची शेरिका जॅक्सन आणि आयव्हरी कोस्टची मारी-जोसे ता लू या दोघी तगड्या धावपटूही होत्या. त्यात हिची सुरुवात फसली. मागून येत येत तिने तिसरा नंबर गाठला, वेळ १०.८४ सेकंद, आणि वेळेच्या जोरावर ती आत आली. अशांच्या वाट्याला कडेच्या लेन येतात.

१०० मीटरला वळण नसतं, त्यामुळे लेनने अंतरात काही फरक पडत नाही. पण शेरिका आणि जमैकाचीच शेली-ॲन फ्रेझर-प्राइस मधल्या लेनमध्ये! त्या किती पुढे आहेत याचा नीट अंदाजही येत नसताना शेवटचे तीस मीटर खांदे न आखडता धावणं फार अवघड असतं हो. तिने ते केलं. १०.६५, तेव्हाचा स्पर्धेचा नवा विक्रम. शेरिका १०.७२, शेली-ॲन १०.७७, तेही वयाच्या ३६व्या वर्षी!

आणि हीच मुलगी आदल्या वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय स्पर्धेत १००च्या पहिल्याच फेरीत बाद झाली होती. बुडापेस्टची ती फायनल मी अजूनही अधूनमधून लावून बघते.